फ्रीफॉर्म आरशात करेक्शननंतरही ४५ डिग्रीचा अ‍ॅस्टिग परत येतोय? एरर कुठून येते ते असं शोधा

जॉब कापला, मोजला, एरर मॅपमध्ये घोड्याच्या खोगिरासारखा आकार, म्हणजेच अ‍ॅस्टिग (अ‍ॅस्टिग्मॅटिझम, एका दिशेला वर आणि तिच्या काटकोनात खाली) दिसला, तो मॅप उलटा करून करेक्शन टाकलं, परत कापला, आणि खोगीर आहे तिथंच. कधी जरा फिरलेलं, कधी चक्क दुप्पट. डायमंड टर्निंगवर (हिऱ्याच्या टूलने लेथवर कापणं) स्लो टूल सर्व्हो लावून, म्हणजे स्पिंडलच्या कोनाप्रमाणे टूल झेडमध्ये पुढे-मागे हलवून, फ्रीफॉर्म (गोल सिमेट्री नसलेला पृष्ठभाग) काढणाऱ्यांना हे नवीन नाही आणि पुढे काय होतं तेही नवीन नाही, मशीनवाला म्हणतो मेट्रॉलॉजी (मोजमाप) चुकतेय, मेट्रॉलॉजीवाला म्हणतो चकिंग (जॉब धरणं) बघा, आणि साहेब दोघांनाही सोडून एसीवर घसरतात. तोवर अजून एक करेक्शन टाकून झालेलं असतं आणि जॉबवर कापायला मटेरियल उरत नाही.

माझं म्हणणं एवढंच की करेक्शनला हात लावायच्या आधी ही एरर जॉबची आहे, मशीनची आहे, मोजमापाची आहे की नुसती फाईलची आहे हे ठरवा. खोगीर पाच-सहा वेगवेगळ्या जागांहून येतं, वरवर सगळी सारखीच दिसतात, पण प्रत्येकाची खूण वेगळी असते आणि ती खूण मॅपमध्येच असते, फक्त पीव्हीच्या (सर्वात उंच ते सर्वात खोल बिंदूतला फरक) आकड्याकडे बघत बसलं की दिसत नाही.

आकडे डोळ्यासमोर असावेत म्हणून एक जॉब धरू. ५० मिमी व्यासाचा ६०६१ अ‍ॅल्युमिनियमचा कॉन्केव्ह आरसा, बेस रेडियस २०० मिमी, त्यावर डिझाइनमध्येच दिलेला ०-९० दिशेचा अ‍ॅस्टिग, कडेला १०० मायक्रॉन वर आणि १०० मायक्रॉन खाली, आणि थोडा कोमा (एका कडेला वर आणि समोरच्या कडेला खाली असा आकार), कडेला ५० मायक्रॉन. अर्धा मिमी रेडियसचं टूल, फीड ५ मायक्रॉन प्रति फेरा, स्पिंडल ६० आरपीएम, म्हणजे कट साधारण सव्वा ते दीड तासाचा. थिअरीने टूलमार्कची उंची ६ नॅनोमीटर येते, म्हणजे फिनिशचा प्रश्न नाही, आरसा चकाचक दिसतो आणि सगळी कटकट फॉर्ममध्ये आहे.

गोल लेन्सवाल्यांना फ्रीफॉर्मवर आल्यावर पहिला झटका इथं बसतो. स्फिअर मोजताना जॉब थोडा फिरला तर फरक शून्य, थोडा सरकला तर टिल्ट येतो आणि तो आपण काढून टाकतो, विषय संपला. फ्रीफॉर्मला सिमेट्रीच नाही त्यामुळे जॉब चुकीच्या जागी ठेवणं हीच फॉर्म एरर होते. वरचा जॉब समजा १ आर्क मिनिट फिरलेला आहे, म्हणजे ०.२९ मिलिरेडियन. अ‍ॅस्टिग फिरला की जी एरर उरते ती दुप्पट कोन गुणिले १०० मायक्रॉन, म्हणजे कडेला ५८ नॅनोमीटर वर, ५८ खाली, पीव्ही जवळजवळ ११६. आणि ती दिसते कुठं तर बरोबर ४५ डिग्रीला. डिझाइनचा अ‍ॅस्टिग ०-९० ला असेल आणि एररचा ४५ ला तर पहिला संशय फिरण्यावर घ्यायचा, टूलवर नाही आणि एसीवर तर अजिबात नाही.

एसीचं एकदा संपवूनच टाकू. दीड तासाच्या कटमध्ये स्पिंडल तापून झेड सरकला तर टूल कडेकडून मध्याकडे जाताना हळूहळू खाली किंवा वर जातं, म्हणजे एरर शंकूसारखी गोल सिमेट्रीची येते. जॉब सगळीकडून सारखा एक डिग्री गरम असेल तर अ‍ॅल्युमिनियम दर मीटरला २३-२४ मायक्रॉन फुगतं, त्याने आपल्या बेस रेडियसमध्ये कडेला ३७ नॅनोमीटरच्या आसपास पॉवर (गोल वाटीसारखी एरर) येते पण १०० मायक्रॉनच्या अ‍ॅस्टिगमध्ये फरक पडतो जेमतेम अडीच नॅनोमीटर. खोगीर यायला जॉब एका बाजूने गरम आणि दुसऱ्या बाजूने थंड असा वाकायला पाहिजे. ते होतं, पण बहुतेक वेळा अ‍ॅसिटोन किंवा आयपीएने पुसून लगेच मोजायला ठेवल्यामुळे, कारण उडून जाताना ते पृष्ठभाग थंड करतं. पुसल्यावर तासभर मेट्रॉलॉजी रूममध्ये पडू द्या, बास.

आता शोधायला सुरुवात कुठून करायची, तर फाईलपासून, कारण त्याला पैसे लागत नाहीत. मोजणारं सॉफ्टवेअर जॉबकडे समोरून बघतं, मशीनचा कोऑर्डिनेट कधी मागून असतो, मध्ये कोणीतरी एक्सेलमध्ये एक कॉलम उलटा केलेला असतो. खूण अशी की करेक्शन टाकल्यावर ०-९० चा अ‍ॅस्टिग गेला आणि ४५ चा दुप्पट झाला, तर मॅप आरशातल्यासारखा उलटलाय, एक्स किंवा वाय पैकी एकच साईन चुकलीय. दोन्ही अ‍ॅस्टिग दुप्पट झाले पण पॉवर नीट करेक्ट झाली तर मॅप ९० डिग्री फिरलाय. पॉवरसकट सगळंच दुप्पट झालं तर झेडची साईन उलटी आहे. मॅप १८० डिग्री फिरला असेल तर मात्र अ‍ॅस्टिग गुपचूप बरोबर येतो आणि कोमा दुप्पट होतो, म्हणून नुसत्या अ‍ॅस्टिगवरून समाधान मानू नका. याचा कायमचा इलाज म्हणजे एका स्क्रॅप तुकड्यावर प्रोग्राममध्ये मुद्दाम एका चतुर्थांशात, मध्यापासून बाजूला, अर्धा मायक्रॉनचा एक छोटा उंचवटा टाकून कापायचा, मोजायचा, आणि तो मॅपमध्ये कुठल्या कोपऱ्यात आणि वर की खाली दिसतो ते बघायचं. एकदा केलं की त्या मशीन-इन्स्ट्रुमेंट जोडीचा प्रश्न मिटला. सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर मात्र परत करा, हे मी गंभीरपणे सांगतोय.

झर्निकेचे आकडे (पृष्ठभागाचा आकार अ‍ॅस्टिग, कोमा अशा ठराविक टर्ममध्ये मांडणारे) कोणी ईमेलने पाठवत असेल तर अजून एक खड्डा आहे, टर्मना नंबर द्यायचे फ्रिंज आणि नॉल असे वेगवेगळे क्रम आहेत. फ्रिंज क्रमात पाचवी टर्म म्हणजे ०-९० चा अ‍ॅस्टिग आणि सहावी ४५ चा, नॉल क्रमात नेमकं उलटं, पाचवी ४५ ची आणि सहावी ०-९० ची. वरून फ्रिंजचा आकडा कडेची उंची सांगतो आणि नॉलचा आरएमएस, दोघांत अ‍ॅस्टिगसाठी वर्गमूळ सहाचा, म्हणजे २.४५ चा फरक. काही ठिकाणी तर कोनच वाय अ‍ॅक्सिसपासून मोजतात. त्यामुळे टर्मचा नंबर पाठवायचाच नाही, शब्दांत लिहायचं, अमुक दिशेला कडेला इतके नॅनोमीटर. किंवा सरळ एक्स-वाय-झेड पॉइंट पाठवा, भांडणच नको.

फाईल स्वच्छ निघाली तर मोजमाप. इथं लोक हमखास जॉब १८० डिग्री फिरवून परत मोजतात, मॅप तसाच आला की म्हणतात बघा, जॉबचीच एरर आहे. अहो, अ‍ॅस्टिग १८० डिग्री फिरवला तर तो स्वतःसारखाच दिसतो, त्यातून काहीच सिद्ध होत नाही. ९० डिग्री फिरवा. स्टायलस प्रोफाइलोमीटर किंवा पॉइंट प्रोब असलेलं इन्स्ट्रुमेंट असेल तर जॉब ९० ने फिरवायचा, डिझाइनही ९० ने फिरवायचं, आणि एरर जॉबबरोबर फिरली तर ती जॉबची, टेबलाबरोबर जागच्या जागी राहिली तर ती इन्स्ट्रुमेंटची. अशा इन्स्ट्रुमेंटमध्ये एक्स आणि वाय अ‍ॅक्सिस एकमेकांना काटकोनात नसतील तर साध्या स्फिअरवरसुद्धा ४५ चा अ‍ॅस्टिग दिसतो. आपल्या २०० मिमी रेडियसवर एका आर्क सेकंदाच्या चुकीला कडेला साडेसात नॅनोमीटर, पीव्ही १५. म्हणजे १० आर्क सेकंद चुकलं की दीडशे नॅनोमीटरचं खोगीर हवेतून तयार. म्हणून साधारण तेवढ्याच रेडियसचा एक चांगला मास्टर स्फिअर कायम हाताशी ठेवा आणि फ्रीफॉर्मच्या आधी तो मोजा, त्यावर ४५ चा अ‍ॅस्टिग दिसला की जॉबला दोष देण्याआधी इन्स्ट्रुमेंटचं कॅलिब्रेशन बघा. एक्स आणि वायच्या स्केलमध्ये फरक असेल तर तोच अ‍ॅस्टिग ०-९० ला दिसेल.

इंटरफेरोमीटर आणि सीजीएच (कॉम्प्युटरने काढलेला होलोग्राम) लावून मोजत असाल तर ही ९० ची युक्ती चालत नाही, होलोग्राम एकाच ओरिएंटेशनला नल देतो (फ्रिंज, म्हणजे प्रकाशाचे पट्टे, जवळपास नाहीसे होतात), फिरवलं की फ्रिंज इतक्या दाट होतात की काही वाचताच येत नाही. तिथं सीजीएचवरच्या अलाइनमेंट झोनवर आणि जॉबवरच्या फिड्युशियलवर (संदर्भ खुणांवर) भिस्त ठेवावी लागते, आणि सीजीएच आधी इंटरफेरोमीटरला बसवून मगच जॉबला हात लावायचा, दोन्ही एकदम हलवत बसलात तर एकाची चूक दुसऱ्याने झाकली जाते आणि फ्रिंज सुंदर दिसतात. डिफ्लेक्टोमेट्रीवाल्यांना (स्क्रीनवरच्या पट्ट्यांचं जॉबमधलं प्रतिबिंब कॅमेऱ्याने बघून मोजणारे) वेगळी सूचना, ती पद्धत बारीक लहरी आणि टूलमार्क फार झकास दाखवते पण पॉवर आणि अ‍ॅस्टिगसारख्या मोठ्या आकारांत स्क्रीन-कॅमेऱ्याच्या जागेच्या कॅलिब्रेशनची चूक सरळ उतरते, त्यामुळे नुसत्या तिच्या भरवशावर अ‍ॅस्टिगचं करेक्शन टाकू नका, दुसऱ्या पद्धतीने एकदा ताडून बघा.

बेस्ट फिटबद्दल जरा सविस्तर बोलायला पाहिजे कारण निम्मी उत्तरं तिथं पडून असतात आणि आपण ती फेकून देतो. सॉफ्टवेअर सहा डिग्री ऑफ फ्रीडमचं फिट मारतं, एक्स-वाय-झेड सरकवतं, तिन्ही अक्षांभोवती फिरवतं, आणि उरलेला मॅप देतं. फिटने जॉब किती सरकवला आणि किती फिरवला ते आकडे रिपोर्टमध्ये असतात पण कोणी वाचत नाही. ते प्रत्येक जॉबचे लिहून ठेवा. झेडभोवतीचं फिरणं दरवेळी एकाच दिशेला आणि साधारण तेवढंच येत असेल, तर सी अ‍ॅक्सिसचा (स्पिंडलच्या कोनाचा) झिरो आणि जॉबचा फ्लॅट (कडेचा सपाट संदर्भ भाग) यांच्यात कायमचा फरक आहे, तो ऑफसेटमध्ये टाका, करेक्शन मॅपमध्ये नाही. दरवेळी वेगळं येत असेल तर फ्लॅट डायल करण्याच्या पद्धतीत घोळ आहे. ४० मिमी लांबीच्या फ्लॅटवर १ आर्क मिनिट म्हणजे जवळपास १२ मायक्रॉन, लिव्हर डायलला हे सहज दिसतं. फ्लॅट १-२ मायक्रॉनमध्ये आणला की फिरण्याचा अ‍ॅस्टिग १० नॅनोमीटरच्या आसपास येतो, त्याहून जास्त डोकेफोड करायची गरज नसते.

आणि फिरणं की सरकणं असा संशय असेल तर कोमाकडे बघा. आपल्या जॉबमध्ये कोमा एक्स दिशेला आहे. जॉब वाय दिशेला ५ मायक्रॉन सरकला तर त्या कोमामुळेही शुद्ध ४५ चा अ‍ॅस्टिग येतो, कडेला १० नॅनोमीटर, म्हणजे २९ मायक्रॉन सरकणं आणि १ आर्क मिनिट फिरणं हे अ‍ॅस्टिगमध्ये डिट्टो सारखं दिसतं. फरक एवढाच की फिरलेल्या जॉबमध्ये वाय दिशेचा कोमाही उगवतो, आपल्या केसमध्ये १४-१५ नॅनोमीटर, सरकलेल्यात तो येत नाही. एक्स दिशेला सरकला तर ०-९० चा अ‍ॅस्टिग आणि त्याच्या दुप्पट पॉवर जोडीने येते.

जाता जाता, अल्वारेझ लेन्सचे भाग काढणाऱ्यांनी इथं खास सांभाळा. लुईस अल्वारेझच्या १९६७ च्या पेटंटमधला तो क्यूबिक पृष्ठभाग एक्स दिशेला सरकला की एरर शुद्ध पॉवर म्हणून दिसते (दोन तुकडे एकमेकांवर सरकवून पॉवर बदलायची हीच तर त्याची गंमत), आणि आपल्याला पॉवर रिपोर्टमधून काढून टाकायची सवय, त्यामुळे जॉब सरकलेला आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

मोजमाप ठीक निघालं आणि एरर खरंच जॉबवर आहे असं ठरलं, तर आता मशीन. सगळ्यात स्वस्त टेस्ट म्हणजे आरपीएम निम्मा करणं. सर्व्हो प्रोग्रामच्या थोडा मागे पडत असेल तर अख्खा पृष्ठभागच फिरल्यासारखा कापला जातो. ६० आरपीएमला स्पिंडल सेकंदाला ३६० डिग्री फिरतो, त्यात झेड नुसता ०.१ मिलिसेकंद उशिरा आला तरी ०.०३६ डिग्री, आणि त्याचा ४५ चा अ‍ॅस्टिग कडेला १२५ नॅनोमीटर, पीव्ही अडीचशे. ३० आरपीएमला कापल्यावर तो निम्म्यावर आला तर दोष सर्व्होच्या लॅगचा आहे, फीडफॉरवर्डचं ट्यूनिंग करा नाहीतर सी मध्ये तेवढी आघाडी द्या. तसाच राहिला तर लॅग नाही, सेटिंगचंच फिरणं आहे. त्रिज्येनुसार आरपीएम बदलत असाल तर लॅगचा कोनही बदलतो आणि खोगीर पिळल्यासारखं दिसतं, मध्यात एका दिशेला आणि कडेला दुसऱ्या, अशा मॅपवर झर्निके फिट मारलं तर भलभलत्या टर्म बाहेर पडतात आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

टूल सेंटरिंगवर उगाच ढकलू नका. टूल एक्समध्ये चुकलं की येणारी एरर मध्यापासून सरळ रेषेत वाढते, वर्गात नाही, त्यामुळे मध्यातून जाणारा प्रोफाइल काढला तर यू ऐवजी व्ही दिसतो. एक्सची चूक ०-९० ला दिसते, टूलच्या उंचीची चूक ४५ ला, आणि उंची चुकली की मध्यात एक बारीक टोक किंवा शंकूही राहतो जो मायक्रोस्कोपखाली लगेच दिसतो. पण आकडे बघा, २ मायक्रॉनच्या चुकीला कडेला फक्त १६ नॅनोमीटर. ५० नॅनोमीटरचा अ‍ॅस्टिग यायला टूल सहा मायक्रॉनच्या वर बाहेर पाहिजे, आणि एक्समध्ये तेवढं बाहेर असेल तर बेस रेडियसमुळे पाऊण मायक्रॉनचा शंकू मॅपमध्ये आधी बोंबलेल. शंकू नाही आणि मध्यात टोकही नाही, तर टूल सेंटरला सोडा.

राहिलं क्लॅम्पिंग, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर ०-९० किंवा ४५ अशा कुठल्याच डिझाइन दिशेशी संबंध नसलेला आडवातिडवा अ‍ॅस्टिग असेल तर बहुतेक वेळा हेच असतं. जॉबचा तळ केळ्यासारखा मायक्रॉनभर वाकलेला असतो, व्हॅक्यूम चक त्याला ओढून सपाट करतो, आपण त्यावर अचूक आकार कापतो, व्हॅक्यूम सोडला की तळ परत आपल्या जागी आणि आरसा वाकडा. तीन स्क्रूने किंवा तीन जॉने धरलं असेल तर खोगिराऐवजी तीन पाकळ्या दिसतात, ती खूण पक्की. मशीनवर प्रोब असेल तर जॉब सोडायच्या आधी आणि व्हॅक्यूम बंद केल्यावर, जागेवरून न हलवता, दोनदा मोजा, दोन मॅपची वजाबाकी म्हणजे क्लॅम्पिंगची एरर. प्रोब नसेल तर जॉब चकवर ९० ने फिरवून बसवा, प्रोग्रामही ९० ने फिरवा, परत फिनिश कट मारा. खोगीर जॉबबरोबर राहिलं तर तळ किंवा मटेरियलचा ताण, मशीनच्या दिशेला राहिलं तर स्पिंडल किंवा चक.

इलाज सगळ्यांना माहीत असतात पण घाईत गाळले जातात. तळ लॅप करून घ्या. रफिंगनंतर आणि फिनिशच्या आधी थर्मल सायकलिंग करा, लिक्विड नायट्रोजन आणि ओव्हन असं आलटून पालटून, ६०६१ मधला ताण त्याने बराच निघतो, फिनिशनंतर करून काही उपयोग नाही. डिझाइनवाल्यांना सांगून माउंटिंग पॅड आणि आरशाच्या मध्ये एक खाच ठेवून घ्या म्हणजे स्क्रू आवळल्याचा ताण वर पोचत नाही, तीनही पॅड एका प्रतलात फेस करा, आणि स्क्रू टॉर्क रेंचनेच आवळा, तोच टॉर्क कापताना, मोजताना आणि असेंब्लीत. मोजताना जॉब आडवा होता आणि असेंब्लीत उभा, किंवा मोजताना नुसता टेबलावर ठेवलेला आणि असेंब्लीत स्क्रूने धरलेला, तर दोन्हीकडचे मॅप जुळणार नाहीत आणि त्यात कोणाचीच चूक नसते. मोजायची स्थिती ड्रॉइंगवर लिहून घ्या.

ड्रॉइंगवरून आठवलं, क्लायंटला रिपोर्ट देताना बेस्ट फिटचा मॅप आणि डेटमला (ड्रॉइंगवरच्या संदर्भ पृष्ठभागांना) धरून काढलेला मॅप असे दोन्ही द्या. बेस्ट फिटमध्ये आरसा ८० नॅनोमीटर पीव्ही दिसतो, डेटमने तोच १ आर्क मिनिट फिरलेला असतो, आणि तिकडे असेंब्लीत फिरवायची सोय नसेल तर तुमचा ८० चा आकडा कोणाच्या कामाचा नाही.

एवढं सगळं बाद करून जे खोगीर उरेल ते करेक्शनचं. ते टाकतानाही मोजलेला कच्चा मॅप टूलपाथमध्ये ओतू नका, त्यात धूळ, स्टायलसचा नॉइज, इंटरफेरोमीटरच्या रिंगा सगळं असतं आणि टूल इमानदारीत ते सगळं जॉबवर कोरतं, मग अ‍ॅस्टिग जातो आणि त्याच्या जागी बारीक लहरी येतात ज्या काढणं जास्त अवघड. कमी ऑर्डरच्या टर्मचा गुळगुळीत फिट घ्या, पिस्टन आणि टिल्ट काढा, झेडभोवतीचं फिरणं आधीच ऑफसेटमध्ये गेलंय ना ते बघा नाहीतर तीच गोष्ट दोनदा करेक्ट होईल. कट त्याच आरपीएमला, त्याच टूलने, जॉब चकवरून न उतरवता शक्य असेल तर उत्तम. उतरवावाच लागला तर परत बसवल्यावर फ्लॅट डायल करा आणि जुन्या आकड्याशी ताडून बघा, मगच स्पिंडल सुरू करा.